नवरा लेहला, मी लातूरला. रजा जुळवायची कशी?

मी स्त्रीरोग एमएसच्या दुसऱ्या वर्षाला, नवरा फौजेत. पोळ्याला तो आला अन् माझी सलग 36 तास ड्यूटी. लेबर रूमच्या दारात डबा धरून उभा होता; मी हातमोजे काढेपर्यंत गाडीची वेळ झाली. त्याला वार्षिक रजा 60 दिवस, मला किरकोळ रजा 20. फार जीव तुटतो. तुम्ही कसं करता?

– ताई, ड्यूटीचा तक्ता लागायच्या आधीच अदलाबदल करा. मी दिवाळीच्या सगळ्या रात्री केल्या, जूनमध्ये आठ दिवस मिळाले.

– एमएस करताना जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात ते 3 महिने धरा. मला धाराशिव होतं, यांनी तेव्हाच रजा टाकली. संध्याकाळी सोबत जेवायचो, ज्वारीची भाकरी अन् ठेचा.

– माझे ते महिने डिसेंबरपासून आहेत! रेंज मिळाली की आजच सांगते त्याला.