सुट्टीत गावाला जाताना पोपट कुणाकडे ठेवता? तुमचे अनुभव लिहा

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की आमच्या घरात एक प्रश्न ठरलेला असतो. चिकूचं काय करायचं? चिकू आमचा कॉकटिएल, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट. कुत्र्या-मांजरांसाठी पुण्यात बोर्डिंगची सोय आता बऱ्यापैकी आहे. पण फोनवर "पक्षी आहे" म्हटलं की पलीकडचा माणूस अडखळतो. जिथे घेतो म्हणतात, तिथे पिंजरा बहुतेक वेळा कुत्र्यांच्या भुंकण्याच्या टप्प्यातच ठेवलेला असतो.

"त्यात काय, वाटीभर दाणे आणि पाणी ठेवा की" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. दाण्या-पाण्यावर भागलं असतं तर मी हे विचारलंच नसतं. पोपटाच्या जातीचे पक्षी थव्याने राहणारे. आपण घरात एकटा पक्षी आणला की आपणच त्याचा थवा होतो, आणि मग एके दिवशी सगळा थवा बॅगा उचलून निघून जातो. म्हणून तुम्ही काय करता ते सविस्तर लिहा. कुणाकडे ठेवता, आधी काय तयारी करता, पक्षी कसा राहिला, परत आल्यावर कसा वागला.

एक विनंती. इथे कॉकटिएल, बजी, लव्हबर्ड, कॉन्यूर, आफ्रिकन ग्रे अशा परदेशी जातींबद्दलच लिहूया. आपला हिरवा कंठवाला पोपट आणि पहाडी पोपट यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ते घरात ठेवणं गुन्हा आहे, मग पिंजरा कितीही मोठा असो.

डोंबिवली

आमची कॉकटिएल समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंकडे राहते. निघायच्या दिवशी नेऊन ठेवली आणि गाडी पकडली, असं आम्ही करत नाही. आधीच्या आठवड्यात रोज संध्याकाळी पिंजऱ्यासकट तिला काकूंकडे नेतो, थोडा वेळ बसतो, मग तिला तिथेच ठेवून आम्ही घरी येतो. ती हाका मारते, काकू उत्तर देतात. दोन्ही बाजूंची सवय झाली की मग मुक्काम.

काकूंचं स्वयंपाकघर हॉलला लागूनच आहे, त्यामुळे नॉनस्टिक तव्याचं आम्ही स्पष्ट बोलून घेतलं. रिकामा तवा गॅसवर राहून फार तापला तर त्यातून निघणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. माणसाला वासही येत नाही. काकूंनी तेवढ्या दिवसांसाठी बिडाचा तवा काढला आणि पुढे तोच वापरात ठेवला. डोशांना तो बरा पडतो म्हणतात.

पंख्याच्या बटणावर मी चिकटपट्टी लावून येते. पक्षी बाहेर असताना कुणीतरी उकडतंय म्हणून सवयीने पंखा लावणार, ही भीती मला सगळ्यात जास्त. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला टेकलेली हवी, चारही बाजू उघड्या असल्या तर ती दांडीवर आक्रसून बसते. रात्री साडेसातला चादर टाकायची, मग काकूंची मालिका कितीही रंगात आलेली असो. दहा-बारा तास झोप मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशी चिडचिड ठरलेली. हे सगळं मी एका कागदावर लिहून फ्रिजवर लावते.

सांगली

आमची बजींची जोडी आहे. दोघं असल्यामुळे आमच्यावाचून त्यांचं फारसं अडत नाही. घरी कामाला येणाऱ्या मावशी सकाळ-संध्याकाळ येऊन बघतात. खरा त्रास मुंग्यांचा. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतो. भिजवलेले मूग, मोड, काकडी यातलं काही आम्ही नसताना द्यायचं नाही असं मावशींना सांगून ठेवलंय, कारण उन्हाळ्यात ते दुपारपर्यंत आंबतं. कोरडे दाणे आणि राळ्याचं कणीस, बस्स. पाण्याची भांडी दोन लावतो, एक सांडलं तर दुसरं असावं म्हणून. आणि मावशी वरची टरफलं फुंकून मगच वाटी भरतात. टरफलांनी भरलेली वाटी लांबून दाण्यांनी भरलेलीच दिसते.

नाशिक

आफ्रिकन ग्रे असलेल्यांसाठी हे लिहितोय. आमचा राजा बाबांचा. सकाळी बाबांच्या खांद्यावर बसून पेपर फाडणार, त्यांच्याच आवाजात आईला हाक मारणार. आई दोनदा तरी फसून "आले हो" म्हणते.

बाबा नर्मदा परिक्रमेला गेले तेव्हा घरात आम्ही सगळे होतो. खाणं, झोपेची वेळ, खेळणी, काहीच बदललं नव्हतं. तरी राजाने छातीवरची पिसं उपटायला सुरुवात केली. आधी पिंजऱ्याच्या तळाशी राखाडी पिसं दिसायला लागली, मग गळ्याखाली गुलाबी कातडी. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, आजार काही निघाला नाही. त्यांनी विचारलं, याच्याशी बोलतं कोण? खरं उत्तर होतं, बाबाच. आम्ही त्याला खायला घालायचो, पण त्याच्याजवळ बसत नव्हतो.

मग माझ्या भावाने ऑफिसचं काम राजाच्या खोलीत हलवलं. दिवसभर मीटिंगा तिथेच. मक्याची साल, पुठ्ठ्याचे खोके, ज्यूटची दोरी असं फाडायला काहीतरी रोज नवं द्यायला लागलो. उपटणं हळूहळू थांबलं, पिसं परत यायला मात्र बरेच महिने गेले. हल्ली बाबा घरी असले तरी राजाचं एक वेळचं खाणं भाऊ देतो आणि आंघोळीचा फवारा मी मारतो. एकाच माणसावर जीव टाकणारा पक्षी असेल तर ही वाटणी प्रवास ठरायच्या कितीतरी आधी करा.

आणखी एक. आफ्रिकन ग्रे २०१७ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा पक्ष्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पक्षी दुसऱ्याच्या घरी राहणार असेल तर नोंदणीची प्रत पिंजऱ्यासोबत द्या. सांभाळणाऱ्याला कुणी विचारलं तर त्याच्या हातात कागद असावा. हे पक्षी चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतात. आमच्याकडे बाबांनंतर राजा कुणाचा, हेही बोलून ठेवलंय.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

भारतात यायचं म्हणजे आमची चांगली महिनाभराची सुट्टी. इतके दिवस कुणा मित्राला सांगवत नाही. सन कॉन्यूर सोबत आणायचा तर परवाने, तपासण्या, विलगीकरण, आणि वर इतक्या तासांचं विमान. त्यामुळे मँगोला पक्ष्यांच्या दवाखान्याच्या बोर्डिंगमध्ये ठेवतो. तिथे ठेवण्याआधी सिटॅकोसिसची तपासणी सक्तीची आहे. हा आजार पक्ष्याकडून माणसालाही होतो, त्यामुळे ही सक्ती मला आवडली. तुमचा पक्षी काहीही न तपासता ठेवून घेत असतील, तर शेजारच्या पिंजऱ्यातला पक्षीही तसाच आलेला असणार.

आम्ही एक पत्र सही करून देतो. तातडीचे उपचार करायला आमची परवानगी आहे, इतक्या रकमेपर्यंत न विचारता करा, त्यापुढे या नंबरवर फोन करा, असं त्यात लिहिलेलं असतं. तिथे दुपार असते तेव्हा ठाण्यात आम्ही गाढ झोपेत असतो. फोन उचलला गेला नाही म्हणून उपचार खोळंबायला नकोत.

व्हिडिओ कॉलबद्दल विचारणारे असतात. आम्ही केला होता. माझा आवाज ऐकल्यावर मँगोने मान वाकडी करून स्क्रीन बघितली, मग फोनच्या मागे जाऊन शोधलं, पुन्हा पुढे आला, पुन्हा मागे. आणि मग जो आरडाओरडा सुरू केला तो कॉल बंद झाल्यावरही बराच वेळ चालू होता म्हणे. त्यानंतर आम्ही फक्त फोटो मागवतो. मला त्याला बघायचं होतं, पण त्यातून त्याला काहीच मिळत नव्हतं.

कराड

आम्ही सोबत नेतो. सासर चिपळूणचं, वाट कुंभार्ली घाटातली. लहान कॅरियर, खाली टॉवेल, दांडी अगदी खालच्या बाजूला म्हणजे वळणावर पडला तरी लागत नाही. पाण्याची वाटी सांडते म्हणून काकडीच्या आणि सफरचंदाच्या फोडी ठेवते. निघायच्या आधी पोटभर खायला घालत नाही, घाटात उलटी होते. एसीचा झोत थेट कॅरियरवर नको. आणि चहाला थांबलो तर एकजण गाडीत बसतो. बंद गाडी उन्हात किती लवकर तापते ते कोकणच्या वाटेवर वेगळं सांगायला नको.

तिथे पोचल्यावर पिंजरा माजघरात, ओटीवर नाही. ओटीवर मांजरं येतात आणि दुपारी शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, फिरतो.

औंध, पुणे

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. शिकत असतानाच मी लोकांचे पक्षी सांभाळायला लागले, आता सुट्ट्यांमध्ये घर भरलेलं असतं.

पक्षी घेऊन येणारे खाण्याची मोठी यादी देतात. मला त्यापेक्षा वजन हवं असतं. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घ्या, त्यावर दांडी ठेवा आणि नेहमीचं वजन माहीत करून घ्या. कॉकटिएल साधारण ऐंशी ते शंभरच्या आसपास भरतो, पण प्रत्येकाचं आपलं आपलं असतं. आजारी पक्षी शेवटपर्यंत ठणठणीत असल्याचं सोंग घेतो. रानात अशक्त दिसला की शिकार होतो, ती सवय पिंजऱ्यातही जात नाही. फुगून बसलेला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, काटा मात्र आधी सांगतो. दहा टक्क्यांनी उतरलं की मी डॉक्टरांकडे नेते, मालकांचा फोन लागो न लागो. हे मी आधीच कबूल करून घेते.

पहिल्या दिवशी बरेच पक्षी खात नाहीत. तेव्हा मी त्यांच्यासमोर बसून माझं ताट वाढून घेते. कुणीतरी जेवतंय हे दिसलं की बरेचसे वाटीकडे वळतात. तळाचा कागद रोज बदलते आणि टाकायच्या आधी बघते: शी किती, रंग कोणता, पाण्यासारखी आहे का. काही जणांना हे वाचून कसंतरी होईल, पण पक्ष्याच्या तब्येतीची याहून खरी बातमी घरबसल्या मिळत नाही.

सुट्टीच्या तोंडावर खाणं बदलू नका. "जाताना नवे पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) आणलेत, तेच द्या" असं सांगणारे असतात. नव्या घरात, नव्या माणसांत त्याच्या ओळखीचं काहीतरी राहू द्या. पिंजरा जुना, वाट्या जुन्या, कुरतडून अर्धी झालेली ती लाकडी शिडीसुद्धा आणा.

दादर

दिवाळीत आमचा मुक्काम घरीच. आवाजाने कॉकटिएल रात्री घाबरून अंधारात पिंजराभर धडपडतात, पंखांचं रक्त निघतं. मंद दिवा रात्रभर चालू ठेवतो आणि खिडक्या बंद. ज्यांना जायचंच आहे त्यांनी रात्री त्या घरात माणूस असेल एवढं तरी बघा.

वाई

हिरव्या पोपटाचा उल्लेख वर आलाय म्हणून लिहितो. आमच्या आजोबांच्या वाड्यात मिठू होता, त्या काळी घरोघरी असायचा. आजोबा गेल्यावर आम्ही सगळे बाहेरगावी आणि मिठू कुणाकडे ठेवायचा हा प्रश्न आला. शेजारी घ्यायला तयार होते. शेवटी वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन केला. ते येऊन रीतसर घेऊन गेले. इतकी वर्षं पिंजऱ्यात काढलेला पक्षी असा थेट सोडून देता येत नाही, त्याला ना खाणं शोधता येतं ना घारीपासून पळता येतं, हे त्यांच्याकडून कळलं. कुणाच्या घरी असा पोपट असेल तर सुट्टीपुरती सोय शोधू नका, आणि गच्चीवरून उडवूनही देऊ नका.

पर्वरी, गोवा

आमची लव्हबर्ड सांभाळणाऱ्यांच्या घरून उडाली होती. गॅसवाला आला, दार उघडलं, आणि ही त्याच्या डोक्यावरून बाहेर. आम्ही तेव्हा हंपीला. त्या ताईंनी डोकं शांत ठेवून जे केलं ते सगळ्यांना उपयोगी पडेल. तिचा रिकामा पिंजरा त्यांनी दार उघडं ठेवून गच्चीवर मांडला, आत राळ्याची कणसं लटकवली आणि तिच्या जोडीदाराचा पिंजरा शेजारी ठेवला. तो हाका मारत राहिला. तिन्हीसांजेला ती समोरच्या फणसावर दिसली. अंधार पडल्यावर हे पक्षी जागचे हलत नाहीत, म्हणून ताई रात्री घरी गेल्या आणि पहाटे उजाडायच्या आत पुन्हा गच्चीवर हजर. उन्हं वर यायच्या आधी भुकेने खाली उतरली.

आता कुठेही ठेवताना पायातल्या रिंगचा नंबर आणि पिसांचे खुणेचे रंग दिसतील असे फोटो देतो. माझी शिट्टी आणि जोडीदाराच्या हाका सांभाळणाऱ्याच्या फोनवर रेकॉर्ड करून ठेवतो. एकटाच पक्षी असेल तर त्या रेकॉर्डिंगची गरज जास्त. आणि दाराला आतून जाड पडदा लावायला सांगतो, तो सरकवूनच दार उघडायचं.