प्रति: नांदेडच्या शाळेतल्या लॅबसाठी चित्रांचा बूट मेनू

उबुंटूत ग्रबला (संगणक सुरू होताना कोणती सिस्टीम चालवायची हा मेनू दाखवणारा प्रोग्राम) थीम टाकूनही मेनू काळा-पांढराच दिसतोय म्हणालात, तर आधी इटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही त्याच्या सेटिंगची फाईल उघडा (इथली नावं, आकडे नि आज्ञा टाइप करताना इंग्रजीतच). 'ग्रब_टर्मिनल=कन्सोल' ही ओळ चालू असेल तर थीम दिसणारच नाही; तिच्या सुरुवातीला # टाका, म्हणजे ती बंद होईल. 'ग्रब_थीम'मध्ये फोल्डरचा नव्हे, थेट थीम.टीएक्सटी फाईलचा पूर्ण पत्ता लागतो. थीम बूट/ग्रब/थीम्समध्येच ठेवा. 'ग्रब_जीएफएक्समोड' (मेनूचं रिझोल्यूशन) १०२४x७६८ करून टर्मिनलमध्ये 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा. बॅकग्राउंड साध्या पीएनजीत सेव्ह करा, 'इंटरलेस' हा पर्याय बंद ठेवून; तशी चित्रं ग्रबला वाचता येत नाहीत.

मेनूतल्या नोंदींना मराठी नावं हवीत हा हट्ट मात्र सोडा. ग्रब-एमकेफॉन्ट या आज्ञेने ग्रबला चालणारा पीएफ२ प्रकारचा फॉन्ट बनतो हो, पण ग्रबला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. 'विद्यार्थी' लिहाल तर वेलांटी भलतीकडे अन् अर्ध्या अक्षरांना उघडे हलंत! त्यापेक्षा मराठी मजकूर गिंप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये बॅकग्राउंडच्या चित्रातच लिहा आणि मेनूतल्या नोंदी इंग्रजी राहू द्या.

आणि आपल्याकडच्या लाईटचं काय सांगावं! बूट होता होताच ती गेली तर उबुंटूचा मेनू पुढच्या वेळी ३० सेकंद अडून बसतो. त्यासाठी त्याच फाईलमध्ये 'ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट=५' घाला, मग पुन्हा अपडेट-ग्रब.