वरच्या घराचं पाणी, खालच्याचा गडगा: गटाराचा खर्च कोणी करायचा?

परडेवाला
राजापूर तालुक्यात उतारावरची आमची वाडी. वर चुलतकाकांचं घर, मध्ये चिऱ्यांचा गडगा (दगडी कुंपण), खाली आमचं परडं (घरामागची बाग). वरचं पाणी आजोबांच्या काळापासून आमच्याकडेच उतरतं, त्यावरून कधी वाकडा शब्द झाला नाही. दोन वर्षांपूर्वी काकांनी घर नवं केलं. सारवलेलं खळं गेलं, पेवर ब्लॉक आले. चारी बाजूंच्या पागोळ्या पन्हळीत घेऊन एकाच चार इंची पाइपाने गडग्याच्या मुळाशी सोडल्या.

गेल्या आषाढात एका रात्री दहा फूट गडगा बसला. सकाळी जाऊन बघतो तर शेवाळलेले चिरे परड्यात उलटेपालटे पडलेले, पोफळींची मुळं उघडी आणि पाइपाच्या तोंडाखाली गुडघाभर खड्डा. बाकीचा गडगा, जिथे पाइप नाही तिथे, जागचा हललेला नाही.

आता गडग्याच्या कडेने पऱ्ह्यापर्यंत (ओढ्यापर्यंत) साठ फूट पक्कं गटार काढायचं म्हटलं तर गवंडी नव्वद हजार सांगतो. काका म्हणतात निम्मे-निम्मे, कारण गटार तुझ्या जागेतून जाणार आणि फायदाही तुझाच. मला हे पटत नाही. एका गुंठ्यावर 100 मिमी पाऊस पडला की 10 हजार लिटर पाणी होतं. काकांचं छप्पर आणि खळं मिळून दोन गुंठे भरतात. पूर्वी त्यातलं बरंच खळ्याच्या कडेला आणि माडांच्या आळ्यात मुरायचं, उरलेलं गडगाभर पसरून झिरपायचं. आता सगळं एका तोंडातून येतं. ज्याने पाण्याची वाट बदलली त्याने गटाराचा खर्च करावा. जागा मी देतो, तिचा मोबदला मागत नाही. तुम्हाला काय वाटतं?

वरचं बिऱ्हाड
मी गुहागरकडचा, आणि आमचं घर वर आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्या खालच्यांनी मुंबईहून पैसे आणून जागेला चिरेबंदी कंपाउंड घातलं आणि पाण्याला एक भोकसुद्धा ठेवलं नाही. पहिल्याच पावसात आमच्या मागच्या पडवीत पाणी. वर त्यांचं म्हणणं, तुमचं पाणी तुम्ही आवरा. आवरायचं म्हणजे कुठे न्यायचं? आमच्याही वर कातळ आहे, तिथून उतरणारं पाणी आमच्या अंगणातूनच जातं. वरच्याने घर बांधलं की दोषी, असा नियम केलात तर उतारावर कोणी साधा कोबासुद्धा करू शकणार नाही. काकांनी निम्मे देऊ केलेत, तेही भावकीत. घ्या आणि काम उरका.

तालुक्याची वारी
इथे दोन गोष्टींची गल्लत होते आहे. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याच्या (दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी, वाट नेण्यासारख्या हक्कांचा कायदा) कलम 7 प्रमाणे वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिकरीत्या खाली जाऊ देणं खालच्याला भाग आहे. त्यामुळे वरचं बिऱ्हाड, तुमच्या खालच्यांनी वाट बुजवली ही त्यांची चूक. शेतजमीन किंवा झाडांची, पिकांची जमीन असेल तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे अडथळा काढायला दावा करता येतो, पण सहा महिन्यांच्या आत. लोक वाट बघत बसतात आणि मुदत निघून जाते.

परडेवाल्यांचं प्रकरण वेगळं आहे. छपरावरचं पाणी गोळा करून पाइपाने एका जागी सोडणं म्हणजे नैसर्गिक उतार नव्हे. त्याच कायद्याचं कलम 29 सांगतं की आपल्या मिळकतीत फेरफार करून दुसऱ्यावरचा भार फारसा वाढवता येत नाही. आणि कलम 25 प्रमाणे हक्क वापरण्यासाठी जे बांधकाम, जी दुरुस्ती लागेल तिचा खर्च हक्क वापरणाऱ्याने करायचा. म्हणजे काकांनी.

माहेरवाशीण
कलमं बरोबर असतील, पण माझी आई वरच्या घरात एकटी असते. कौलं गळायची म्हणून आम्ही पत्रा घातला, त्यातच हात रिकामे झाले. उद्या खालच्यांनी नव्वद हजार मागितले तर ती कुठून देणार? आमच्याकडे शेवटी चार घरांनी मिळून दोन दिवस खणून कच्चा चर काढला, तळाला दगड लावले. आईने माणसांना जेवण घातलं. दरवर्षी आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, तो साफ करावा लागतो, पण तीन पावसाळे टिकलाय. पक्कंच गटार हवं हा हट्ट खालच्याचा असेल तर कच्च्या चराहून जास्तीचा खर्च त्याने का करू नये?

तालुक्याची वारी
हा मुद्दा मला मान्य आहे. गरजेपुरतं काम वरच्याचं, त्यावरची हौस ज्याची त्याची.

गवंडीकाम
परडेवाले, एक विचारतो. गडगा कोरडा रचलेला होता की दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, सिमेंटने भरल्या होत्या? कोरडा गडगा पाणी चिऱ्यांच्या फटीतून सोडतो. दर्जा भरल्या आणि पाणी जायला भोकं ठेवली नाहीत, तर मागे पाणी तुंबतं, माती फुगते आणि गडगा पुढे ढकलला जातो. मी असे कितीतरी बघितलेत.

परडेवाला
भरल्या होत्या. उंदीर-घुशी होतात म्हणून तीन वर्षांपूर्वी मीच भरून घेतल्या, भोकं ठेवली नाहीत. ही माझी चूक, हे आधी लिहायला हवं होतं. म्हणजे गडगा पुन्हा रचायचा खर्च माझा, त्यासाठी काकांकडे एक पैसा मागणार नाही.

पाइपाचं मात्र मी सोडणार नाही. दर्जा भरल्यावर काकांचं घर नवं होईपर्यंतचा एक अख्खा पावसाळा तोच गडगा उभा होता. माहेरवाशीण यांचं पटलं, साठ फूट पक्कं नकोच. पाइपाच्या तोंडाशी चिऱ्यांचं एक कुंड आणि तिथून पुढे दगड लावलेला चर, एवढं पुरेल. त्याचं सामान काकांचं, खणायला मी आणि माझा भाऊ. पुढची साफसफाई दोन्ही घरांनी आगोटीला एकत्र करायची.

रविवारी टेप घेऊन काकांकडे जातो. गवंडीकाम, कुंड किती खोल घेऊ?

गवंडीकाम
दोन फूट पुरे. तळाला सिमेंट घालू नका, नुसते दगड टाका.