टायफॉइडमधून वाचलेल्या गावठी कोंबड्यांची अंडी बसवावीत का?

परसू_कुडाळ: श्रावणात खुराड्यात साथ आली, 40 पैकी 26 कोंबड्या गेल्या. हिरवट-पिवळी हगवण, फिका पडलेला तुरा. डॉक्टरांनी एक फाडून दाखवली: कलेजी सुजलेली, वर तांबूस-हिरवट झाक. फाउल टायफॉइड. उरलेल्यांत काही आजारातून उठल्या, काहींना काहीच झालं नाही. यांचीच अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली तर पिलं चिवट निघतील ना? कोंबडा बाहेरून आणणार आहे.

लालतुरा: आजारातून उठलेल्यांची अंडी मुळीच नकोत. या रोगाचा जंतू, साल्मोनेला गॅलिनॅरम, अंगात दबा धरून राहतो आणि अंड्यातून पिलात उतरू शकतो. तुम्ही ताकद नाही, रोगच पुढे चालवाल.

आधी तपासणी करून घ्या. पांढऱ्या टाइलवर रंगीत अँटिजनचा (मेलेल्या जंतूंचं तपासणीचं द्रावण) एक थेंब, त्यात पंखाखालच्या शिरेतलं तेवढंच ताजं रक्त. काडीने मिसळा, टाइल हलवत राहा. दोन मिनिटांत जांभळ्या गुठळ्या दिसल्या तर ती कोंबडी काढायची. थेंब वाळू लागल्यावर कडेला जे दाणे दिसतात ते धरू नका, पावसाळी अंधारात तिथेच फसगत होते. चार महिन्यांखालच्या तलंगांत निकाल भरवशाचा नसतो. फाउल टायफॉइडची 9आर लस दिली असेल तरी निकाल फसवा येऊ शकतो, म्हणून आधी सांगा. किमान 21 दिवसांच्या अंतराने सलग दोनदा सगळ्या निर्दोष निघेपर्यंत अंडी बसवायची नाहीत. नवा कोंबडाही तीन आठवडे वेगळा ठेवून तपासा.

जांभा_दगड: आनुवंशिक प्रतिकार असतो, पण "जगली" एवढ्यावरून तो कळत नाही. कदाचित तिच्या पोटात जंतू कमीच गेले. व्हाइट लेगहॉर्न या अंड्यांच्या जातीत, जवळच्या नात्यातच पैदास करून राखलेल्या वाणांवर काम झालंय. त्यात पाचव्या गुणसूत्रावरचा 'साल१' हा भाग सापडला. त्याचं प्रतिकारक रूप असलेल्या पक्ष्यांत भक्षक पेशी जंतू गिळून लवकर संपवतात. पण त्याने आतड्यातला जंतू हटतोच असं नाही, म्हणजे ठणठणीत दिसणारी कोंबडीसुद्धा विष्ठेतून रोग पसरवू शकते.

एकेकटी कोंबडी निवडण्यापेक्षा कूळ बघा. कुठल्या आईची पिलं त्याच खुराड्यात जास्त टिकली, पायात रंगीत कडं घालून लिहून ठेवा. निम्मा वारसा कोंबड्याचा, आणि त्याच्याबद्दल तुम्हाला काहीच माहीत नाही.

परसू_कुडाळ: आईची प्रतिपिंडं तर पिलाला मिळतातच ना?

लालतुरा: मिळतात, दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. तो वारसा नव्हे, शिदोरी.

जांभा_दगड: आणि रात्री टॉर्च घेऊन खुराड्याच्या फटी बघा. बसायच्या काठीखाली राखाडी भुकटी आणि बारीक लाल किडे असतील तर तेही हा जंतू पोसतात. जांभ्याच्या भिंतीची भोकं चुना-सिमेंटने बुजवा, तूस पूर्ण बदला, उंदीर आवरा. नाहीतर कितीही चिवट पिलं आणा, पुढच्या आगोटीला पुन्हा तेच.