टीसी काढायची घाई करू नका भाऊ

भाऊ, पोरगी काविळीनं पडली म्हणून कॉलेजवाले म्हणतात अ‍ॅडमिशन कॅन्सल करा अन् पुढच्या वर्षी नव्यानं घ्या, हे ऐकून लगेच टीसी काढू नका बरं. काहून की टीसी गेली की सीट गेली. आधी प्राचार्यांच्या नावानं अर्ज द्या, मेडिकल सर्टिफिकेट जोडा, अन् आवक नंबर टाकलेली पोच घ्याच, तोंडी "हो हो" वर इथं काही चालत नाही. पहिलं सेमिस्टर पास झाली ना? मग डिजिलॉकरवरून एबीसी आयडी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन खात्याचा नंबर) काढून त्यात पास झालेल्या विषयांचे क्रेडिट, म्हणजे गुणांक, जमा झाले का ते पाहा. यूजीसीच्या 2021 च्या नियमात हे क्रेडिट जास्तीत जास्त 7 वर्षं चालतात. 75 टक्के हजेरीचं मात्र लेखीच विचारा, अन् फी परत मिळते का तेही.