ए लेव्हलला पॉलिटिक्स घेऊ का?

प्रश्न: सप्टेंबरपासून सिक्स्थ फॉर्म (यूकेतली अकरावी-बारावी, ज्यात ए लेव्हल करतात) सुरू होतोय. हिस्ट्री आणि इकॉनॉमिक्स नक्की आहे, तिसरा पॉलिटिक्स घ्यायचाय पण जीसीएसईला (आपल्या दहावीसारखी परीक्षा) हा विषय नव्हताच. बेस नसताना जमेल का? लिहायला खूप लागतं का?

उत्तर १: घे बिनधास्त, बहुतेक सगळे शून्यापासूनच सुरू करतात. मी एडेक्सेल बोर्डाचं केलं, ३ पेपर, प्रत्येकी २ तास, त्यात ३० मार्कांचे निबंध, त्यामुळे लिहावं भरपूर लागतं. पण नुसत्या व्याख्या पाठ करून मार्क मिळत नाहीत, उदाहरण लागतं, म्हणजे बघ २०२४ च्या यूकेतल्या निवडणुकीत लेबर पक्षाला साधारण ३४ टक्के मतं आणि ६५० पैकी ४११ जागा, आणि रिफॉर्म पक्षाला १४ टक्के मतं पण जागा फक्त ५, एवढ्यावरच मतदानपद्धतीचा अख्खा मुद्दा उभा राहतो. रोज थोडं न्यूज वाचत जा, आणि असे आकडे वहीत लिहून ठेव.

उत्तर २: सहमत. फक्त आयडियॉलॉजीचा भाग हलक्यात घेऊ नकोस, लॉक, मिल, बर्क या विचारवंतांपैकी कोण काय म्हणाला यात माझा फार गोंधळ व्हायचा आणि मार्क तिथेच गेले. तिसऱ्या पेपरला शाळा अमेरिकेचं राजकारण शिकवते की ग्लोबल पॉलिटिक्स, ते आधी विचार.

प्रश्न विचारणारा: थँक्यू दोघांना, अमेरिका असेल तर नक्की घेणार!