बंदोबस्ताचं कौतुक केलं तर पोटात का दुखतं?

वाटसरू:
मोर्चा शांततेत पार पडला म्हणून पोलीस आयुक्तांनी बंदोबस्तावरच्या अंमलदारांचे जाहीर आभार मानले. त्यावर इथल्याच एका महाभागाची पोस्ट: "पगार घेतात, उपकार करत नाहीत." डोकं फिरलं. ११ ऑगस्ट २०१२, मुंबईतल्या आझाद मैदानाची दंगल विसरलात? पोलिसांच्या गाड्या जाळल्या, महिला शिपायांच्या अंगावर हात टाकले, अमर जवान स्मारक तोडलं. दोघांचा जीव गेला. पण तेव्हाचे आयुक्त पटनायक साहेबांनी आपल्या माणसांना आवरलं नसतं तर काय झालं असतं? बक्षीस काय, तर त्याच महिन्यात बदली. हात आवरला तर शेपूट घातली, उचलला तर जुलूम. पोलिसाने करायचं तरी काय?

सडेतोड:
बरं सोयीचं उदाहरण सापडलं! ११ जुलै १९९७, घाटकोपरचं रमाबाई नगर. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जण गेले. ९ ऑगस्ट २०११, मावळ. पवनेच्या जलवाहिनीला विरोध करणारे तीन शेतकरी पोलीस गोळीबारात गेले. २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर झालेल्या लाठीमारानंतर खुद्द गृहमंत्र्यांना माफी मागावी लागली. पाठ थोपटा हो, पण चुकतं तेव्हाही असाच भोंगा लावा.

वाटसरू:
गोळीबाराचा हुकूम पॉइंटवरचा, म्हणजे नेमून दिलेल्या जागी उभा असलेला शिपाई देतो का? आभार त्याचे मानलेत.

खाकीचापोर:
शिपायाचं नाव निघालंच आहे म्हणून लिहितो. वडील हवालदार होते. बंदोबस्ताहून आले की आधी आईला हाक मारायचे, कारण पाय सुजून बूट निघायचा नाही. ती खाली बसून टाच धरून ओढायची. पहाटेची हजेरी, जेवणाचं पाकीट यायचं दुपार कलल्यावर, तेही आंबलेलं. प्रशस्तिपत्रक मिळालंय, लॅमिनेट करून कपाटात आहे.

सुमेधा:
पुरुषांचं निदान आडोशाला भागतं. माझी बहीण अंमलदार आहे. बंदोबस्त लागला की आदल्या रात्रीपासून पाणी बंद, कारण पॉइंटच्या आसपास जायला जागाच नसते. डॉक्टर दरवेळी ओरडतात, भरपूर पाणी प्या म्हणून. आभार राहू द्या, एक फिरतं शौचालय पाठवा.

आडवातिडवा:
ताई, चर्चा काय, चाललंय काय! शौचालयाचा वेगळा धागा काढा.

सुमेधा:
का काढू? पहाटेपासून घोटभर पाणी न प्यायलेल्या बाईच्या तोंडावर कुणी घोषणा देत असेल, तर तिने किती वेळ शांत राहायचं? तुम्ही तर रांगेत कुणी मध्ये घुसलं तरी भडकता, वाचलंय मी तुमचं त्या धाग्यावर. मुंबईत पडसलगीकर आयुक्त असताना एका शिपायानेच आठ तासांच्या पाळीचं गणित मांडून दिलं आणि त्यांनी ते करून बघितलं. याला म्हणतात कदर. पण गणपती, निवडणूक, मोर्चा आला की कसले आठ तास!

सडेतोड:
मग हे पोलिसांनीच उघड बोलावं. मोर्चेकरी बोलतातच ना?

खाकीचापोर:
कसं बोलावं? १९६६ चा कायदा आहे, परवानगीशिवाय संघटनेत जाता येत नाही, निदर्शनात उभं राहता येत नाही. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलिसांच्या संघटनेची मान्यता काढली, शिपाई रस्त्यावर उतरले, तर त्यांना आवरायला लष्कर आणलं. कितीजण बडतर्फ झाले. वडिलांच्या पोलीस लाइनीत तो विषय दार लावून बोलायचे.

आडवातिडवा:
८२ ला जाळपोळही झाली होती, तेही सांगा.

खाकीचापोर:
झाली. त्याचं समर्थन कुणी केलंय इथे?

सडेतोड:
बरं, माझ्याकडून एक घ्या. मार्च २०१८, नाशिकहून चालत आलेले शेतकरी. तेव्हा पोलीस नीट वागले, मान्य. पण दहावीच्या पोरांची परीक्षा चुकू नये म्हणून रक्ताळलेल्या पायांनी रातोरात आझाद मैदान गाठलं ते शेतकऱ्यांनी. मोर्चा शांत राहिला की साहेबांच्या आभारात मोर्चेकऱ्यांचं नाव कधी येतं का?

वाटसरू:
तुमच्या तोंडून "मान्य"! स्क्रीनशॉट काढून ठेवतो. मोर्चेकऱ्यांचेही आभार मानावेत, माझी हरकत नाही. पण म्हणून शिपायाचे मानूच नयेत?

सडेतोड:
माना. सुमेधाताई, बहिणीला सांगा, साहेबांच्या त्या पोस्टखालीच शौचालयाचं लिहून टाक.

सुमेधा:
सांगते की. मग तिचा पुढचा पॉइंट कुठे लागेल, तेही तुम्हीच सांगा.